टायर एकाच बाजूनं का झिजतो?

नमस्कार श्रोतेहो. गाडीचा टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत झालाय, हे बऱ्याचदा पंक्चर काढायला चाक खोललं की मगच लक्षात येतं. बाहेरून नक्षी छान दिसत असते. मग ठरलेला सल्ला मिळतो, ‘अलाइनमेंट करून घ्या,’ म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. सल्ला चूक नाही, पण अर्धवट आहे. टायर कशानं झिजला हे न बघता अलाइनमेंट केलं, तर पैसे वाया जातात आणि नवा टायरही त्याच वाटेनं जातो.

म्हणून आधी टायर हातानं तपासा. गाडी सपाट जागी उभी करा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड दिसेल. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा. आता टायरच्या रुंदीवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. जपून बरं का, फार झिजलेल्या टायरमधून तारा वर आलेल्या असतात. एकीकडून जाताना हात अलगद सरकला आणि परत येताना करवतीच्या दात्यांसारखं बोचलं, तर टो बिघडलाय असं समजा.

टो म्हणजे काय? गाडी वरून पाहिली, तर दोन्ही चाकांचे पुढचे भाग एकमेकांकडे वळलेत की एकमेकांपासून फाकलेत, ते. वळलेले असले तर टो-इन, फाकलेले असले तर टो-आउट. टो-इन जास्त झाला की बाहेरची कड जाते, टो-आउटनं आतली. चाक सरळ रेषेपासून फक्त 1 अंश तिरकं असलं, तर दर किलोमीटरमागे आडवं घासणं सुमारे 17 मीटर होतं. अंशाचा दहावा भाग म्हटला तरी पावणेदोन मीटर! टायर लवकर संपवण्यात टोचा हात सगळ्यात मोठा आहे, तो यामुळे.

कडेला दाते नाहीत, पण एकच कड सपाट झालीय, तर संशय कॅम्बरवर घ्यायचा. समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कलतो, तो कॅम्बर. चाक खड्ड्यात जोरात आदळून चाकाला धरून ठेवणारा स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकला की तो बिघडतो. बऱ्याच गाड्यांत कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नसते, वाकलेला पार्ट बदलावाच लागतो. तिसरा कोन कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल. त्यानं टायर फारसा झिजत नाही, त्यामुळे आज त्याला बाजूला ठेवू.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा कमी आहे. मधलाच पट्टा गेला, तर हवा जास्त. इथे अलाइनमेंटचा काही संबंध नाही. हवेचा आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर लिहिलेला असतो, आणि तो थंड टायरसाठी असतो. टायरभर ठिकठिकाणी वाट्या पडल्यासारखे खोलगट भाग दिसले, तर शॉक ॲब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का, ते बघा. ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरतं, तेव्हाही आधी बॅलन्सिंगच.

आता गॅरेजमध्ये. गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवण्याआधी चारही चाकांची हवा आणि जोडांमधला प्ले, म्हणजे सैलपणा, तपासायला सांगा. चाक उचलून घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवलं आणि खुळखुळलं, तर स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, म्हणजे टाय रॉड एंड, किंवा स्टेअरिंगच्या रॅकचा जोड सैल असू शकतो. 12 आणि 6 ला हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. असा प्ले ठेवून अलाइनमेंट केलं, तर स्क्रीनवर आकडे हिरवे दिसतात, पण रस्त्यावर पहिल्याच ब्रेकला चाक पुन्हा आपली जागा सोडतं. जोडांमधले रबरी बुश फाटले असतील तरी तेच. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंटआउट मागून घ्या आणि टाय रॉडचे लॉकनट घट्ट केलेत ना, हे विचारा.

एवढं करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढचे दोन टायर डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल करून बघा. ओढ दिशा बदलून दुसरीकडे गेली, तर दोष टायरमध्येच आहे. ओढ होती तशीच राहिली, तर ब्रेक अडकतोय का ते पाहायला लावा. फक्त ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, त्यांची अशी अदलाबदल करू नका.