आडनाव व्हायोलिन

व्हेनिसच्या सॅन मार्को चौकातून पाण्याच्या कडेकडेने पाच-सात मिनिटं चालत गेलं की हे पांढरं चर्च लागतं, सांता मारिया देल्ला पिएता. सगळे गाईड सांगतात, संगीतकार विवाल्दीचं चर्च. आता हे बांधायला घेतलं १७४५ ला आणि विवाल्दी गेला १७४१ ला, तोही लांब तिकडे व्हिएन्नात, त्यामुळे ह्या छताखाली त्याने एक सूरही लावलेला नाही. पण तिकीट खपतं ना, झालं.

आपण आत नकोच जाऊया. बाजूच्या भिंतीवरचा हा दगड बघा, १५४८ चा. ऐपत असून पोटचं पोर इथं आणून टाकणाऱ्या आईबापांवर देव शापाची आणि बहिष्काराची वीज पाडो, असं कोरलंय त्यावर. कारण पिएता हे मुळात चर्च नव्हतंच, टाकून दिलेल्या तान्ह्या पोरांसाठी १३४६ मधे सुरू झालेला आश्रम होता. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात बाळ ठेवायचं आणि निघून जायचं, कुणी विचारणार नाही. काही आया बाळासोबत एखाद्या पदकाचा किंवा चित्राचा अर्धा तुकडा ठेवायच्या, अर्धा स्वतःकडे. कधी परत न्यायला आलेच तर जुळवून बघता येईल म्हणून.

मुलगे मोठे झाले की काहीतरी धंदा शिकून बाहेर पडायचे. मुली राहायच्या. त्यातल्या गळा किंवा हात चांगला असलेल्यांना गाणं-वाजवणं शिकवायचे, आणि ते असं तसं नाही, अठराव्या शतकात युरोपभरचे लोक मुद्दाम हे ऐकायला व्हेनिसला यायचे. अशा संस्था शहरात चार होत्या, पिएता त्यातली एक. लोकांच्या देणग्या यायच्या, खुर्च्यांचं भाडं यायचं, म्हणजे धर्मादाय असलं तरी हिशोब पक्का.

ह्या मुलींना आडनावं कुठली असणार. मग वाद्यच आडनाव. अन्ना मारिया दाल व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनवाली, पेलेग्रिना दाल ओबो, ओबो म्हणजे सनईसारखं फुंकायचं वाद्य. आपल्याकडे कुलकर्णी, जोशी कामावरूनच पडले तसंच, फक्त इथं आडनाव पुढे चालवायला कोणी नाही. एक होती अन्ना दाल बासो, म्हणजे खर्जातली अन्ना, कारण पुरुषांचे आवाजसुद्धा ह्या मुलीच सांभाळायच्या. विवाल्दीच्या १७१६ च्या युदिता त्रिउंफान्स ह्या बायबलच्या गोष्टीवरच्या मोठ्या गायन-रचनेत शत्रूचा सेनापती होलोफेर्नेस आहे ना, तोही एका मुलीनेच गायला.

विवाल्दी इथं आला १७०३ ला, पंचविशीतला, नुकताच पाद्री झालेला, लाल केसांचा. छातीच्या त्रासामुळे मास, म्हणजे चर्चमधली पूजा-प्रार्थना, म्हणणं त्याने लवकरच सोडून दिलं, व्हायोलिन मात्र सुटलं नाही. पगार वर्षाला ६० डुकाट, म्हणजे तिथलं तेव्हाचं नाणं. संस्थेचे कारभारी ठराविक काळाने मतदान करायचे, मास्तर ठेवायचा की नाही, आणि १७०९ ला त्याला चक्क एका मताने काढलं, ७ विरुद्ध ६! १७११ ला परत बोलावलं. पुढे १७२३ मधे करार झाला, महिन्याला दोन नव्या कॉन्चेर्तो लिहून द्यायच्या, म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचना. त्याची एवढी रचना कुठून आली विचारतात लोक, तर घ्या, समोर रोज रियाज करणारा तयार ऑर्केस्ट्रा आणि वर डेडलाईन.

ऐकणाऱ्यांना मात्र मुली दिसायच्या नाहीत. वर गॅलरीत, लोखंडी जाळीच्या मागे. टाळ्या वाजवायच्या नाहीत कारण देवाचं घर, मग लोक खूश झाले की खोकायचे, पाय घासायचे. फ्रेंच लेखक रूसो १७४३-४४ ला इथं वकिलातीत नोकरीला होता, तो ह्यातल्याच दुसऱ्या एका संस्थेत ऐकायला जायचा आणि जाळीवर चिडायचा, आत अप्सरा आहेत अशी त्याची खात्री. शेवटी ओळख काढून आत गेला तर एक मुलगी एका डोळ्याने आंधळी, एकीच्या तोंडावर देवीचे व्रण. स्वतःच लिहिलंय त्याने हे, आणि तरी जवळजवळ सगळ्यांच्या प्रेमात पडूनच बाहेर आलो असंही लिहिलंय. मला विचाराल तर आत गेल्यावर त्याने त्यांच्या दिसण्याचा एवढा पाढा वाचला नसता तरी चाललं असतं.

लग्न करून बाहेर पडलेल्या मुलीला लोकांसमोर वाजवायची बंदी होती, तसं आधी लिहून द्यावं लागायचं. अन्ना मारिया बाहेर पडलीच नाही. व्हायोलिन तर होतंच, शिवाय चेलो, ओबो, ल्यूट, मँडोलिन, हार्पसिकॉर्ड. विवाल्दीने कितीतरी कॉन्चेर्तो खास तिच्या हातासाठी लिहिल्या. ती गेली १७८२ ला, त्याच्यानंतर ४१ वर्षांनी, इथंच.

तिची एक वही व्हेनिसच्या संगीत विद्यालयात अजून आहे. तिच्यात फक्त व्हायोलिनची ओळ आहे, तिला वाजवायची तेवढीच. काही कॉन्चेर्तोंचे बाकीचे सगळे कागद हरवलेत, ऑर्केस्ट्रा गेला, उरली ती हीच एक ओळ.