मुलाखत फसली, सुटलं कोण?

(दृश्य: ऑस्टिन शहर, कन्व्हेन्शन सेंटरबाहेरची गर्दी)

९ मार्च २००८, रविवार. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'साउथ बाय साउथवेस्ट' भरलंय. १९८७ साली संगीत महोत्सव म्हणून सुरू झालेला हा मेळा एव्हाना वेबवाल्यांची जत्रा झालाय. आजच्या मुख्य कार्यक्रमाला सभागृह खच्चून भरलंय. आत जागा न मिळालेले लोक शेजारच्या दालनांत पडद्यासमोर बसलेत.

मंचावर दोन खुर्च्या. एकीत फेसबुकचा संस्थापक मार्क झुकरबर्ग, वय २३. दुसरीत सारा लेसी, 'बिझनेसवीक'ची पत्रकार. सिलिकॉन व्हॅलीतल्या नव्या कंपन्यांवरचं तिचं पुस्तक दोन महिन्यांत बाजारात यायचंय. त्यासाठी ती झुकरबर्गला आधी भेटली आहे, त्याच्याशी बोलली आहे. दोघांची चांगली ओळख आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

(दृश्य: फेसबुकचं त्या काळचं निळं-पांढरं पान)

फेसबुक तेव्हा चार वर्षांचं होतं. वापरणारे साडेसहा कोटींच्या पुढे. ऑक्टोबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने २४ कोटी डॉलर मोजून कंपनीचा जेमतेम १.६ टक्के हिस्सा घेतला होता. त्या हिशोबाने अख्खी कंपनी १५ अब्ज डॉलरची ठरत होती. गूगलची बडी अधिकारी शेरिल सँडबर्ग गूगल सोडून फेसबुकात येणार, हे त्याच आठवड्यात जाहीर झालं होतं. बातमीदाराला विचारायला मालमसाला भरपूर होता.

लेसीने तो विचारलाही. कंपनीची ही किंमत खरी मानायची का, शेअर बाजारात कधी उतरणार? अर्थविषयक साप्ताहिकाच्या वाचकाला हेच हवं असतं. पण समोर बसले होते प्रोग्रामर आणि डिझायनर. मे २००७ मध्ये फेसबुकने बाहेरच्या प्रोग्रामरांना आपल्या साइटवर ॲप चालवायची मुभा दिली होती आणि यातल्या कित्येकांचं पोट त्यावर अवलंबून होतं. नियम कधी बदलणार, वापरणाऱ्याची माहिती नक्की कुणाच्या हातात राहणार, हे त्यांचे प्रश्न. १५ अब्जांशी त्यांना काय देणंघेणं?

झुकरबर्ग गप्पिष्ट माणूस नव्हेच. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेविरुद्ध महिन्यापूर्वी निघालेले मोर्चे फेसबुकवरच्या एका गटातून कसे उभे राहिले, हे तो सांगत होता. पाठ केल्यासारखं बोलत होता, पण निदान काही सांगत तरी होता. लेसी मध्येच त्याला तोडायची, स्वतःच्या आठवणी सांगायची. पूर्वीच्या एका मुलाखतीत त्याला कसा दरदरून घाम फुटला होता, हेही तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पुढे त्याच्या वह्यांचा विषय निघाला. ती बोलत राहिली, बोलतच राहिली. शेवटी तो म्हणाला, तुम्ही प्रश्न विचारायला हवेत.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेसीला तो चांगलाच झोंबला असणार.

(दृश्य: अंधाऱ्या सभागृहात उजळलेले लॅपटॉपचे पडदे)

आपल्याकडे प्रकट मुलाखतीत श्रोत्यांच्या चिठ्ठ्या मंचावर येतात. सूत्रसंचालक त्या चाळतो, नको त्या खिशात घालतो. ऑस्टिनच्या त्या सभागृहातही चिठ्ठ्या फिरत होत्या, फक्त त्या मंचावर पोचत नव्हत्या. ट्विटर तेव्हा दोन वर्षांचंही झालं नव्हतं. या मंडळींनी मात्र ते आदल्या वर्षी इथेच, याच मेळ्यात डोक्यावर घेतलं होतं. एकाने लिहावं, दहांनी री ओढावी. कंटाळा आधी पडद्यावर साचला, मग मोठ्याने बाहेर पडला. कुणी ओरडलं, काहीतरी कामाचं बोला! लेसी म्हणाली, माझं काम करून बघा, दिसतं तितकं सोपं नाही. सभागृहाची सहानुभूती तिथे संपलीच. अखेर प्रश्न श्रोत्यांवर सोपवावे लागले. मी इतकी वाईट का वाटले, ते नंतर कुणीतरी कळवा, असंही ती बोलून गेली. कळवणाऱ्यांची कमी नव्हती. कुणी तिच्या केसांशी खेळण्यावर लिहिलं, कुणी ती त्याच्याशी लाडीगोडी करत होती म्हणालं. पुरुष पत्रकाराच्या केसांवर एवढी शाई कुणी खर्च केली असती का, शंकाच आहे.

(दृश्य: ऑनलाइन दुकानाचं वेबपान, अंगठीचं चित्र)

या गदारोळात बीकन ही फेसबुकची वादग्रस्त योजना राहून गेली. सभागृहात तिचं नाव ओरडून झालं होतं, शिव्याही घालून झाल्या होत्या, पण धड उलटतपासणी झालीच नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेली ही योजना अशी होती: तुम्ही दुसऱ्याच एखाद्या साइटवर काही विकत घ्यायचं आणि ती बातमी फेसबुकवर तुमच्या मित्रमंडळींना आपोआप कळायची. एका गृहस्थांनी बायकोसाठी गुपचूप हिऱ्याची अंगठी घेतली. अंगठी कोणती, कुठून घेतली, सगळं जाहीर झालं. बायकोलाही कळलं, सवलतीच्या टक्केवारीसकट. डिसेंबरमध्ये झुकरबर्गने माफी मागितली होती. योजना मात्र चालूच होती.

मला सलतं ते हे. तासभर तो माणूस हजारो जाणकारांसमोर बसला होता आणि सभागृहाने आपला सगळा राग प्रश्न विचारणारीवर काढला. झुकरबर्ग उठला तो जवळजवळ बिचारा ठरून. दुसऱ्या दिवशी फेसबुकने प्रोग्रामरांसाठी वेगळी प्रश्नोत्तरं ठेवली, त्याचंही कौतुक झालं. बीकनची वाट लावली ती कोर्टाने: ऑगस्ट २००८ मध्ये खटला उभा राहिला, सप्टेंबर २००९ मध्ये योजना गुंडाळली गेली आणि ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

लेसी काही संपली नाही. २०१२ मध्ये तिने 'पँडोडेली' ही स्वतःची बातम्यांची साइट काढली.

(दृश्य: कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा, मग लाल खुर्च्या)

जून २०१०. रँचो पालोस वर्डेस इथली 'डी-८' ही तंत्रज्ञान परिषद. झुकरबर्गसमोर वॉल्ट मॉसबर्ग आणि कारा स्विशर हे दोन पत्रकार. विषय एकच, लोकांची खासगी माहिती. झुकरबर्ग उत्तराला वळसा घालायचा आणि ते दोघे त्याला पुन्हा त्याच प्रश्नावर आणायचे. घामाच्या धारा लागल्या. स्विशरने सुचवलं, हूडी काढतोस का? त्याने काढली, तर आतल्या बाजूला कंपनीचं ध्येय लिहिलेलं एक गोल चिन्ह छापलेलं निघालं. हा काय गुप्त पंथ आहे की काय, असं स्विशर म्हणाली आणि सभागृह हसलं. ही मुलाखतही फसली, असं लोक म्हणाले. खापर मात्र या वेळी पाहुण्याच्या डोक्यावर फुटलं.