बाद झालेली रक्ताची पिशवी: ऑटोक्लेव्हमध्ये चुकतं कुठे?

नमस्कार. समजा, ३५० मिलीच्या या पिशवीतलं रक्त हिपॅटायटिस बीच्या चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाचा संशय दाखवणारं, आलं. ते आता कुणालाही चढवायचं नाही. मग ही अशीच पिवळ्या पिशवीत टाकून कचऱ्याच्या गाडीत द्यायची का? अजिबात नाही. वाटेत एखादा सांधा उसवला, तर रक्त थेट गाडीवरच्या कामगाराच्या अंगावर येतं, आणि हा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतो. म्हणून २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार बाद पिशव्या आणि तपासणीचे नमुने आधी रक्तपेढीतच निर्जंतुक करायचे आणि मगच पिवळ्या पिशवीतून बाहेर पाठवायचे.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं मशीन. साध्या ग्रॅव्हिटी ऑटोक्लेव्हला, ज्यात वाफच हवा बाहेर ढकलते, १२१ अंश सेल्सिअस, १५ पीएसआय (दाबाचं एकक) आणि किमान ६० मिनिटं लागतात. पंपानं आधी हवा काढून घेणाऱ्या व्हॅक्यूमच्या मशीनला ४५ पुरतात. वेळ मोजायची ती १२१ अंश गाठल्यावर, बटण दाबल्यापासून नव्हे.

आता खरी गोम. मशीनचा काटा दाखवतो ते चेंबरचं, म्हणजे मशीनच्या आतल्या पोकळीचं, तापमान; पिशवीच्या पोटातलं तो दाखवत नाही. तापलं की रक्त कडेकडेनं शिजतं, उकडलेल्या कलेजीसारखं घट्ट होतं, आणि आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. एकावर एक दहा पिशव्या रचल्या, तर मधल्या कच्च्याच राहतात. म्हणून उंच काठाच्या स्टीलच्या ट्रेमध्ये एकच थर, आडव्या ठेवा. काठ हवाच, कारण काही पिशव्या आत फुटतात.

बाहेर चिकटवलेल्या टेपचा रंग बदलला, म्हणजे त्या टेपला उष्णता लागली, एवढंच. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूच्या किमान १० लाख बीजाणूंच्या पट्टीची. आठवड्यातून एकदा ती पिशव्यांच्या मधोमध खुपसा आणि निकाल रजिस्टरमध्ये लिहा. पट्टीतले जिवाणू नंतर वाढलेले दिसले, तर दोष सापडेपर्यंत मशीन बंद.

आणि हात जोडून सांगतो, पिशवीला भोक पाडून आत हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) ओतू नका. रक्तातली प्रथिनं क्लोरीन खाऊन टाकतात, तुमच्या डोळ्यांत शिंतोडे उडतात, आणि तीच पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये गेली तर विषारी वाफा होतात.

पिशवी पीव्हीसीची असते. ती उघड्यावर जाळली, तर डायऑक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. पिवळ्या पिशव्या शेवटी जिथे जातात, त्या सामायिक केंद्राच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान सुमारे १०५० अंश ठेवतात, ते ही होऊ नयेत म्हणूनच.

बाकीचं पटकन. रक्तदात्याची सुई पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. तो पाऊण भरला की बंद. कापसाचे बोळे पिवळ्यात, हातमोजे लाल पिशवीत. शिबिर मंडळाच्या मांडवात असो की शाळेत, हा सगळा कचरा रक्तपेढीतच परत आणायचा.

सुई टोचलीच, तर बोट पिळू नका. साबण-पाण्यानं धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर, शक्यतो २ तासांत, सुरू होतील तितकं बरं. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही.