पाकिटावर सांगली, आत कुठली?

हे सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचे सौदे चालू आहेत, खरेदीदार पोत्यातनं हळकुंड काढतोय, मोडून आतला रंग बघतोय, मग बोली. आता ही सगळी हळद सांगलीचीच आहे असं समजू नका बरं का. हिंगोली-नांदेडची असते, कर्नाटकातली असते, आणि त्यात कुणाचं काय चुकलं नाही, एवढी मोठी पेठ म्हटल्यावर माल चहूकडनं येणारच.

नाव काय उगाच झालेलं नाही. शेजारच्या हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, त्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, म्हणून लांबलांबचा माल इथं साठवायला यायचा. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं, बरीच पेवं कामातनं गेली. नाव राहिलं, आणि आता त्या नावावरच डल्ला.

बाहेरची स्वस्तातली हळद दळायची, पाकिटात भरायची, वर ठळक 'सांगली हळद' छापायचं. झालं! हळकुंड बघून जात ओळखणारे अजून आहेत, पण पावडर झाल्यावर इथली राजापुरी कुठली आणि सेलम जातीची कुठली, डोळ्यानं कोण सांगणार? मग जो दुकानदार खरी राजापुरी ठेवतो त्यालाच गिऱ्हाईक म्हणतं, शेजारी तर कमीत मिळतीय, तुम्हीच लुटताय. मला विचाराल तर सगळ्यात जास्त भरडला जातो तो हा माणूस, कारण त्यानं भाव पाडला तर तोटा आणि नाही पाडला तर माल पडून.

कायदा आहे की. सांगली हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आणि १९९९ च्या जीआय कायद्याच्या कलम २२ मध्ये अनुचित स्पर्धा हा शब्दच आहे. खोटं जीआय लावलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. वाचायला भारी वाटतं, पण दाद मागायचा हक्क जीआय ज्या संस्थेच्या नावावर आहे तिला आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेल्यांना. शेतकरी यार्डात पोती उतरवतो, हिशेबाची पट्टी घेतो, गावी जातो, पुढं त्या नावावर कुणी कसलं पाकीट काढलं हे त्याला कोण कळवणार, आणि कळलं तरी नोंदणीच नसेल तर तो करणार काय?

पाकीट मागच्या बाजूनं वाचा. सांगलीचा पत्ता असेल, खरापण असेल, पण तो पॅकिंगचा पत्ता. जीआयचा लोगो दिसत नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा, माल कुठल्या रानातला.