हाडाची जाडी किती?

(पडद्यावर जबड्यांचा सपाट एक्स-रे)

हा ओपीजी. दोन्ही जबडे, सगळे दात, एकाच लांबट चित्रात. खालची एक दाढ काढलेली आहे. तिथल्या हाडाची उंची चांगली दिसते. टायटॅनियमचा इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, इथे आरामात बसेल, असंच वाटतं.

पण भिंतीचा समोरून फोटो काढला, तर लांबी-उंची कळते. जाडी कळत नाही. ओपीजीचं तेच होतं. शिवाय त्यात सगळं थोडं मोठं दिसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. त्यावर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजणं जोखमीचं.

(तीच जागा, गालाकडून जिभेकडे घेतलेला छेद)

आता त्याच जागेचा सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबडा तिन्ही मितींत दाखवणारा एक्स-रे. हाडाची वरची कड बघा: जेमतेम 3 मिलिमीटर. बसवायचा इम्प्लांटच 4 मिलिमीटर जाड! आणि खाली, जिभेच्या बाजूनं, हाड आत वळलंय. सरळ ड्रिल केलं असतं, तर टोक हाडातून बाहेर पडलं असतं. तिकडे रक्तवाहिन्या आहेत. तिथला रक्तस्राव चटकन लक्षात येत नाही. तोंडाचा तळ सुजत जातो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडू शकते. हे क्वचित घडतं, पण घडल्याच्या नोंदी आहेत.

हाड इतकं अरुंद कसं झालं? दात काढला की त्याला धरून असलेलं हाड झिजू लागतं. वर्षभरात रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातही बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. ही झीज जास्त करून गालाच्या बाजूनं होते. म्हणजे ओपीजीत जी दिशा दिसतच नाही, नेमकी तिकडून.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हा असा छेद बघायची सोय नव्हती. हिरडी उघडायची, हाड समोर दिसेल तसं ठरवायचं. त्या पिढीच्या हातांबद्दल मनापासून आदर वाटतो. सीटी स्कॅन 1970च्या दशकात आला, पण ते मोठ्या हॉस्पिटलांचं यंत्र. दातांसाठी वेगळं यंत्र 1990च्या दशकाच्या अखेरीस आलं: इटलीत पिएरो मोझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, जपानमध्ये योशिनोरी अराई यांचं.

(यंत्र डोक्याभोवती फिरतं)

शंकूच्या आकाराचा एक्स-रेचा झोत डोक्याभोवती एक फेरी मारतो. तेवढ्यात शेकडो चित्रं निघतात आणि संगणक त्यांतून जबडा तिन्ही मितींत उभा करतो. हवा तिथे छेद घ्या, हवं ते अंतर मोजा.

(पडद्यावर नसेचा मार्ग लाल रंगात)

खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्याकडे. तिला इजा झाली तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा. लाळ ओघळली तरी कळत नाही, दाढी करताना कापलं तरी कळत नाही. म्हणून डॉक्टर एकेक छेद बघत तिचा मार्ग आखतात आणि इम्प्लांटचं टोक तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर दूर ठेवतात. हनुवटीजवळ जास्तच जपावं लागतं; काही जणांत ती नस हाडातून बाहेर पडण्याआधी थोडी पुढे जाऊन मागे वळते. वरच्या जबड्यात हीच काळजी सायनसची, म्हणजे दाढांच्या वरच्या हाडातल्या पोकळीची.

मला मोठा फायदा वाटतो तो याच्या पुढचा. तोंडाचा डिजिटल स्कॅन सीबीसीटीवर जुळवला की आधी नवा दात ठेवून बघता येतो: चावताना जोर कुठे येईल, ब्रश कुठपर्यंत पोचेल. इम्प्लांटची जागा त्यावरून ठरते. नुसतं हाड बघून इम्प्लांट बसवला, की वरचा दात तिरका येतो आणि त्याच्या कडेनं अन्न अडकत राहतं. आपल्या या जागेसाठीही योजना बदलली: आधी हाड वाढवायचं, काही महिने थांबायचं, मग इम्प्लांट.

(थ्रीडी प्रिंटरमधून सर्जिकल गाइड बाहेर येतं)

ठरलेली जागा आणि कोन हातात यावा म्हणून हे गाइड. दातांवर घट्ट बसतं आणि ड्रिलला वाट देतं. तरीही प्रत्यक्षात सरासरी मिलिमीटरभर आणि तीन-चार अंशांचा फरक पडतो. नसेपासूनचे ते 2 मिलिमीटर म्हणूनच राखून ठेवलेले. आणखी एक: ड्रिल थंड ठेवायला सोडलेलं पाणी गाइडमुळे कमी पोचतं. हाड 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. थांबत, थंड करत पुढे जावं लागतं.

(स्कॅनवर धातूच्या कॅपभोवती पांढरे-काळे पट्टे)

धातूची कॅप शेजारी असेल, तर स्कॅनवर असे पट्टे येतात. रुग्ण हलला तर सगळंच धूसर. आणि सीबीसीटीचं रेडिएशन साधारणपणे ओपीजीपेक्षा जास्त. म्हणून आधी तोंडाची तपासणी, साधा एक्स-रे, आणि नंतर, गरज असेल तरच, जेवढा भाग हवा तेवढ्याचाच स्कॅन. एका दाढेसाठी अख्ख्या चेहऱ्याचा स्कॅन लागत नाही.