चटणीचं बिल

एप्रिल-मे आला की कोल्हापुरात हा ठसका गल्लोगल्ली. मिरची कुटायचे डंक सुरू झाले. हितं मसाला कोण म्हणत नाही, चटणीच म्हणायचं, आणि करायची ती वर्षाची एकदमच.

ही ब्याडगी, रंगाला. ही संकेश्वरी, चवीला. आधी देठं खुडायची, मग गच्चीवर कडकडीत वाळवायच्या, मधीच वळीव आला तर पळत जाऊन गोळा करायच्या, मग कांदा चिरून वाळवून तेलात तळायचा, खोबरं, तीळ, धने, जिरं, दगडफूल सगळं वेगवेगळं भाजायचं कारण एकजरी करपलं तर अख्खी चटणी कडू, आणि लसूण सोलून बोटं चुरचुरतात ते वेगळंच. काकू कढईपासनं हलल्या नाहीत, बघा.

आता डंकावर. काट्याकडं लक्ष द्या. किलोवर दर, पैसे रोख. मिरचीला दर, तेलाला दर, कुटायला दर, रिक्षावाल्याला भाडं. काकूंचे हात तेवढे कुठल्याच हिशोबात नाहीत.

जीडीपीत, म्हणजे देशाच्या कमाईच्या हिशोबात पण नाहीत बरं का. पगारी बाईनं केलेला स्वयंपाक त्यात धरतात, घरच्या बाईनं केलेला नाही. कोण कशात किती वेळ घालवतं ते मोजणाऱ्या २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, जे घरकाम करतात त्यांच्यातसुद्धा बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८.

घरकामाला पगार द्या, ही मागणी १९७२ ला इटलीत पदुआमधनं उठली, सेल्मा जेम्स, मारियारोसा डाला कोस्ता, सिल्विया फेडेरिची ह्या स्त्रीवादी कार्यकर्त्या त्यातल्या. अमेरिकेतल्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिसना ते पटलं नव्हतं, पगारानं बाई त्याच कामात अजून अडकेल म्हणून. दोन्हीत दम आहे, पण आपल्याकडं गाडी अजून "ती काय, घरीच असते" हितंच अडकलीय.

सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाची किंमत धरली. म्हणजे बाई गेल्यावर.

हां, हे डबे. वरनं हिंगाचे खडे, म्हणजे टिकते. एक डबा पुण्याच्या लेकीला, एक जावेला, कुणाला तिखट चालतं, कुणाला कमी, सगळं काकूंच्या डोक्यात. काकूंचे मालक डबे गाडीला लावतायत. पै-पाव्हण्यांत ही चटणी फेमस आहे, मालकांच्या आडनावानं.