खारा चुरो, दाट चॉकलेट

(दृश्य: मोठी गोल कढई. तेलात पीठ पडतंय.)

गव्हाचं पीठ, पाणी, मीठ. चुरोचं, म्हणजे स्पेनच्या या कुरकुरीत तळणाचं, साहित्य इथेच संपलं. अंडं नाही, लोणी नाही, साखर तर नाहीच. खळखळ उकळलेलं मिठाचं पाणी पिठावर ओतायचं आणि उकड घोटतात तसं ते घोटायचं. माद्रिदच्या चुरेरियांत, म्हणजे चुरोच्या दुकानांत, हे काम दिवस उजाडायच्या आधीच सुरू होतं, कारण स्पेनमध्ये चुरोस मुळात न्याहारीला खातात. जेवणानंतरचं गोड म्हणून ते मागवणारे बहुतेक परदेशी पाहुणे.

(दृश्य: पिठाच्या यंत्राचं तोंड, जवळून.)

हे नळकांडं बघून मराठी घरात कुणालाही सोऱ्याच आठवेल. खालची ताटलीही चकलीसारखी, चांदणीच्या भोकाची. पण हे कंगोरे शोभेसाठी नाहीत, बरं का. घट्ट पिठाची गुळगुळीत नळी तेलात सोडली, तर बाहेरचा पापुद्रा आधी कडक होतो, आतली वाफ कोंडते आणि चुरो फटकन फुटतो. मग उकळतं तेल थेट तळणाऱ्याच्या अंगावर! पूर्वी कारागीर हे नळकांडं छातीला किंवा खांद्याला टेकवून, अंगाचा भार टाकून पीठ दाबत. आता बहुतेक ठिकाणी ते काम यंत्र करतं. दोन टोकं जुळवून फास करायचा, तो कढईत सोडायचा, लांब काड्यांनी उलटायचा. तेल थंड असेल तर चुरो ते पिऊन बसतो, आणि तेलकट चुरोला इथे माफी नाही.

शेजारच्या कढईत बघा. सापासारखं वेटोळं फिरतंय ना, ती पोर्रा. हिचं पीठ जास्त सैल, त्यात सोडा घालून थोडा वेळ मुरवलेलं, म्हणून ती आतून जाळीदार होते. अख्खं चाक दोन काड्यांवर तोलून उलटायचं, बाहेर काढायचं आणि कात्रीने कचाकच कापायचं. दुधाच्या कॉफीत बुडवायला आम्ही पोर्राच निवडू. ती कॉफी पोटात घेते. चुरो नुसताच भिजतो.

(दृश्य: सान हिनेसची गल्ली, संगमरवरी टेबलं.)

पुएर्ता देल सोल या माद्रिदच्या मुख्य चौकापासून जेमतेम पाच मिनिटांवर ही अरुंद गल्ली आहे. चोकोलातेरिया सान हिनेस 1894 पासून इथे चॉकलेट पाजते आहे. पाजते म्हणजे काय, खाऊच घालते. कपातलं चॉकलेट इतकं दाट की चुरो त्यात बुडवून काढला तरी थेंब टपकत नाही. हा दाटपणा चॉकलेटच्या वडीतल्या पिठाचा, बहुधा कॉर्नफ्लॉरचा. कोको सोळाव्या शतकात मेक्सिकोतून स्पेनमध्ये आला आणि बराच काळ बड्या घरांतच राहिला. चुरो मात्र पहिल्यापासून रस्त्यावरचा. मेंढपाळांनी शोधला, पोर्तुगीजांनी चीनहून आणला, अशा दोन कहाण्या सांगतात; पुरावा एकीलाही नाही.

31 डिसेंबरला याच चौकात घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची रीत आहे. रात्रभर नाचून दमलेली मंडळी मग पहाटे चुरेरियांबाहेर रांग लावतात.

(दृश्य: मालागाचा बाजार.)

दक्षिणेत, अंदालुसियात, नावंही बदलतात आणि रीतही. सेव्हियात ते ‘कालेन्तितोस’, मालागात ‘तेहेरिंगोस’. मालागाच्या आतारासानास बाजाराजवळ 1932 पासूनचं कासा आरांदा आहे. चॉकलेट तिथेही मिळतं, पण निम्मी गंमत कॉफीची. दूध किती, त्यावरून कॉफीला वेगळं नाव: ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली, ‘नुबे’ म्हणजे ढग. ढगात कॉफी नावापुरतीच. सेव्हियात टपरीवरून पुडी बांधून घ्यायची आणि शेजारच्या बारमध्ये कॉफी मागवून ती तिथेच सोडायची, हेही चालतं. आपल्याकडे ‘बाहेरचे पदार्थ आणू नयेत’ अशी पाटी असती.

(दृश्य: पांप्लोना, लाकडाची चूल.)

उत्तरेतल्या पांप्लोनाची ला मान्युएता मात्र हट्टीच. 1872 पासूनची ही चुरेरिया वर्षातले थोडेच दिवस उघडते: जुलैत सान फेर्मिनच्या उत्सवात आणि ऑक्टोबरच्या रविवारी. बीच झाडाची लाकडं, ऑलिव्हचं तेल, आणि तळताना धुराने भरलेली खोली. उत्सवात सकाळी आठची बैलांची धाव संपली की लोक थेट इकडे वळतात. इतक्या थोड्या दिवसांचा धंदा दीडशे वर्षं टिकतो, हे आम्हाला चुरोच्या चवीपेक्षाही नवलाचं वाटतं.

पुण्यामुंबईच्या मॉलमध्ये मिळतो तो दालचिनी-साखरेत घोळलेला चुरो मेक्सिकोच्या वळणाचा. अर्जेंटिनात पोटात आटवलेल्या दुधाचं गोड सारण भरतात. चवीला वाईट नाहीत, पण सारण भरलं की कुरकुरीतपणा गेलाच. माद्रिदमध्ये साखर टेबलावर वेगळी असते. हवी तर भुरभुरा, नाहीतर राहू द्या. बरेच चुरेरिया दुपारी तळण थांबवतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, शाळा सुटलेल्या पोरांसाठी, कढई पुन्हा चढते. चुरोस संपतात तेव्हा कपात चॉकलेट उरलेलंच असतं. ते चमच्याने खातात. पोरंही, त्यांचे आजोबाही.